प चा पा

आमच्या साताऱ्याकडे तंजावूरचं नाव काढलं की माणसं खुर्चीत सरळ होऊन बसतात. कुठे कृष्णा, कुठे कावेरी, आणि तिथेसुद्धा आपलं राज्य! मीही त्यातलीच. म्हणून आधीच सांगून टाकते, हे वाचून कुणाला तिकडे जायची इच्छा झाली तर जरूर जावं. देऊळ बघावं, राजवाडा बघावा, केळीच्या पानावर जेवावं. पण मी तिथे काय पाहिलं ते सांगायचं तर मी तिथे काय करून ठेवलं तेही सांगावं लागेल. ते सांगताना माझी मान खाली जाते.

माझा धंदा मोडी वाचण्याचा. सरकारी दप्तरखान्यात नोकरीभर तेच केलं. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आता ही विद्या आपल्याबरोबर जाणार. पण मध्यंतरी आमच्याकडे जुन्या नोंदी शोधायची लाट आली आणि मोडीवाल्यांचे दिवस पालटले. लग्नात व्याह्याला मिळत नाही एवढा मान मला तालुक्यातालुक्यांत मिळाला. माणूस मानाला लवकर सरावतो. कागद समोर आला की मी चष्मा न पुसता वाचून दाखवायला लागले.

अशात तंजावूरहून मुरली राव नावाच्या गृहस्थांचा फोन आला. घरात एक जुना मोडी कागद आहे, वाचणारं कोणी उरलेलं नाही, फोटो पाठवू का? मी म्हटलं, फोटोवरून मी वाचत नाही. फोटोत घडी कुठली आणि रेघ कुठली ते कळत नाही. कागद हातात हवा.

हे माझंच वाक्य. पुढे ते मला पुरून उरलं.

बुधवार : राजवाड्यामागची गल्ली

जूनअखेरचं ऊन अंगावर घेत मी त्यांच्या घरी पोचले. बुटकं कौलारू घर, पुढे सिमेंटचा ओटा. ओट्यावर दोन म्हातारे बसले होते. एक उठून म्हणाले, "या, बाई, या. प्रवास सुखें जाहला कीं? बैसा आधीं, पाणी घ्या."

हे सखाराम राव, मुरलीचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, सगळं आयुष्य तमीळ शाळेत भूगोल शिकवण्यात गेलेलं. त्यांच्या तोंडचं मराठी ऐकून मी पायरीवरच थबकले. जे मी इतकी वर्षं कागदात वाचत होते ते हा माणूस पाणी देताना बोलत होता! फक्त चाल तमीळ. प्रत्येक वाक्य शेवटी जरा वर उचललं जायचं आणि तिथेच तरंगत राहायचं.

दुसरे म्हातारे उठले आणि त्याच मराठीत म्हणाले, "मी काजा. समोरला. ह्या घरींच वाढलों मी, अम्मा." काजा मोहिदीन, तिकडच्या सरकारी बससेवेतून निवृत्त झालेले कंडक्टर. घरात मुरलीची दोन्ही मुलं मराठी नुसतं समजून घेतात आणि उत्तर तमीळमध्ये देतात. त्या घरात सखाराम रावांशी मराठीत गप्पा मारणारे दोघेच. एक त्यांची थोरली बहीण तुळजाबाई आणि दुसरे हे काजाभाई.

दुपारी तुळजाबाईंनी वाढलं. वांग्याची रसवांगी, भात, आणि ताकात कालवलेलं उडदाच्या पिठाचं डांगर. डांगर बघून मला भरून आलं. आमच्याकडे आता ते फक्त म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहे, आणि इथे रोजचं. फक्त फोडणीत खोबरेल आणि कढीपत्ता असल्यामुळे ते सासरी नांदून आलेल्या लेकीसारखं लागत होतं. मी तीनदा मागून घेतलं. तुळजाबाई म्हणाल्या, "खा, खा. देशाकडलीं माणसें बारीक असतात म्हणून ऐकलें होतें." माझ्याकडे बघून असं म्हणणाऱ्या त्या पहिल्याच.

जेवण झाल्यावर सखाराम रावांनी देव्हाऱ्याखालची लाकडी पेटी उघडली. आत हिरव्या कापडात चांदीचा पत्रा मढवलेला हाताचा पंजा. मोहरमचा पंजा. दरवर्षी नवव्या दिवशी काजाभाई येतात, दोघे मिळून तो ओट्यावर मांडतात, गल्लीतली माणसं लिंबू, गूळ, फुलं वाहतात, आणि दहाव्या दिवशी सकाळी तळ्यावर नेऊन त्याला आंघोळ घालतात. किती पिढ्या चाललंय ते कुणालाच माहीत नाही. तंजावूरच्या आसपास अशी मोहरम पाळणारी हिंदू गावं बरीच आहेत, तेव्हा यात कुणाला नवल वाटत नसे.

आता वाटायला लागलं होतं. मुरली बँकेत नोकरीला, चाळिशीचा, तसा सज्जन माणूस. पण त्याच्या नव्या मित्रमंडळाने विचारलं, की देव्हाऱ्याखाली हे कशाला? तिकडे काजाभाईंचा जावई आखातातून परतला होता. तो सासऱ्याला म्हणत होता, हात पुजणं हे आपल्या धर्मातच नाही, लोक नावं ठेवतात. दोन्हीकडून एकच मागणी, बंद करा.

"कागदांत आहे सर्व," सखाराम राव म्हणाले. "माझे आजोबा सांगत, कीं हा कोणी विश्वासें ठेवावयास दिला. कागद वाचला कीं मिटलें. मुरलीही म्हणतो, कागद सांगेल तसें. काजाचा जावईही म्हणतो."

मोहरमचा दहावा दिवस पुढच्या मंगळवारी होता. पंजा दारातून निघणार की नाही, हे एका कागदावर आणि माझ्या डोळ्यांवर ठरायचं होतं. खरं सांगते, मला त्यावेळी भीती नाही वाटली. बरं वाटलं.

गुरुवार : कागद

वीतभर कागद, चार घड्या, एका कोपऱ्याला कसर. मोडी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, की तिच्यात आधी पानभर आडव्या रेघा मारतात आणि मग अक्षरं त्यांना लटकवत जातात. हात उचलायचा नाही, शब्द तोडायचे नाहीत. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे वाचणाऱ्याने ठरवायचं. म्हणजे अर्धा कागद लिहिणाऱ्याचा आणि अर्धा वाचणाऱ्याचा.

ओट्यावर सगळे जमले होते. मुरलीने फोन उभा धरला होता. मी वाचलं:

"नबाबाची फौज आली. कोळिडमास पूर. पलीकडील फकिराचा पंजा पाडाव आला. आपले घरीं ठेविला. दरसाल बाहेर काढावा."

बस, एवढंच. खाली सही नाही, साल नाही.

पाडाव हा शब्द माझ्या नजरेखालून किती वेळा गेलाय त्याला गणती नाही. हत्ती पाडाव आले, तोफा पाडाव आल्या, अमका सरदार पाडाव झाला. पाडाव म्हणजे लढाईत हाती लागलेला. मी ओट्यावर बसल्या बसल्या अर्थ लावून दिला. नबाबाची फौज शहरावर चालून आली, ते तर इतिहासातच आहे. फौजेबरोबर फकीर असत, त्यांच्या हाती असे पंजे निशाणासारखे असत. नदीच्या पुरात फौज अडकली, यांच्या पूर्वजाने निशाण जिंकलं आणि घरी आणलं. शब्दाच्या शेवटी एक वेलांटी आणि वर एक टिंब होतं, "पाडावीं" असं काहीतरी. ते खटकलं, नाही असं नाही. पण मी मनात म्हटलं, तंजावरी कारकून, त्याचं मराठी बिघडलेलं असणारच.

मुरलीने विचारलं, "मॅडम, हंड्रेड परसेंट?"

"शंभर टक्के," मी म्हणाले.

मुरलीचा चेहरा उजळला. त्याच्या मोडक्या मराठीत तो म्हणाला, "तर हा देवाचा नाहीं. विजयाचा! अप्पा, हें बंद करूं नये. मोठें करूं!" सखाराम राव माझ्याकडे बघत होते, वर्गात पोराने नकाशा उलटा टांगल्यावर मास्तर बघतात तसे. मग त्यांनी कागद घडी करून ठेवला.

काजाभाई हळूहळू उठले. "म्हणजे अम्मा," ते म्हणाले, "इतकीं वर्षें मी हरलेल्यांचें निशाण धुतलें."

मी काय उत्तर दिलं माहितेय? म्हटलं, "इतिहास आहे, भाई. आपण मनाला लावून घ्यायचं नसतं." आज ते वाक्य आठवलं की ताटावरून उठावंसं वाटतं.

शुक्रवार : देऊळ आणि दरबार

दुसऱ्या दिवशी मी फिरायला निघाले, कारण घरात कुणी नीट बोलेना. मोठ्या देवळात चपला बाहेर काढून गेले आणि दगडी पटांगणात तळपाय असे भाजले की नाचत नाचत सावली गाठली. तिथे पुण्याकडची एक सहल होती. भिंतीवर मराठीत कोरलेला लांबलचक लेख आहे, त्यापुढे उभे राहून ते घोषणा देत होते. लेख मात्र कुणी वाचत नव्हतं. त्यांनी मला पाय चोळताना पाहिलं, मराठी आहे म्हटल्यावर पाणी दिलं, चकली दिली. चांगली माणसं होती. मी त्यांच्याबरोबर एक घोषणाही दिली.

मग राजवाडा. रंग उडालेल्या दरबारात मी बराच वेळ बसले, कारण पाय टेकवत नव्हते. तिथला वाटाड्या तोडक्या हिंदीत कथा सांगत होता. मराठ्यांच्या आधी इथे नायक राजे होते. मदुरेच्या नायकाने मुलगी मागितली, इथल्या नायकाने दिली नाही, मदुरेवाल्याने वेढा घातला. शहर पडतंय म्हटल्यावर यांनी जनानखान्याखाली दारू ठासून बायका उडवून दिल्या. वेढा घालणारा आणि घालून घेणारा दोघे एकाच विष्णूचे भक्त. मग नायकाच्या वारसाला गादीवर बसवायला विजापूरच्या सुलतानाने फौज पाठवली. त्या फौजेचा सरदार मराठा. त्याने गादी दिली आणि मग स्वतःच घेतली. आमच्या शाळेच्या पुस्तकात यातलं शेवटचं वाक्य तेवढं होतं.

मी हे सगळं आधीपासून जाणत होते. धंदाच आहे. मोगली कागदांत गनीम म्हणजे मराठा, मराठी कागदांत गनीम म्हणजे समोर जो असेल तो, मग तो सख्खा चुलतभाऊ का असेना. धर्म फार करून नंतर येतो, बखर लिहायला बसल्यावर. जिंकणाऱ्याला एक कारण लागतं आणि धर्मासारखं आयतं कारण दुसरं नाही. असं मी व्याख्यानांतून सांगते, लोक माना डोलावतात. पण काल ओट्यावर मला एक छोटीशी लढाई जिंकून देता आली आणि मी ती देऊन मोकळी झाले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

संध्याकाळी गल्लीत शिरले तर खांबाला बॅनर. पंजाचा फोटो, वर भगवा, खाली तमीळमध्ये काहीतरी. मी मुरलीला अर्थ विचारला. मंगळवारी विजययात्रा निघणार होती. ढोलताशे लावून, तळ्याला लांबचा रस्ता घेऊन.

"लांबचा का?" मी विचारलं.

"मशिदीवरून जातो तो," मुरली म्हणाला, आणि नजर चुकवली. माझं "शंभर टक्के" एव्हाना सगळ्या फोनांवर जाऊन आलं होतं. काजाभाईंच्या दाराला दिवसाउजेडी आतून कडी होती.

शनिवार : कोळिडमच्या काठी

सकाळी तुळजाबाई म्हणाल्या, "चला बाई, माझें आजोळ दाखवितें. घरीं बसून काय, एकमेकांचीं तोंडें पाहायचीं?" वय ब्याऐंशी, पण बसमध्ये माझ्याआधी चढल्या. तिरुवैयारूच्या पुढे रस्ता सगळा कालव्यांच्या काठाने. वरून धरणाचं पाणी नुकतंच सुटलं होतं. वाफ्यांत चिखल कालवत होते. नारळाच्या रांगा, मोपेडवर पुढे गवताचा भारा आणि मागे बायको. आमच्याकडे नदी म्हणजे खोल कुठेतरी खाली असते, इथे ती अंगणातून जाते. इतकं हिरवं बघून एरवी माझं मन निवलं असतं.

कोळिडम म्हणजे कावेरीचाच उत्तरेकडचा फाटा. केवढं रुंद पात्र! बहुतेक वाळूच, मधे पाण्याच्या दोन धारा. लांबवर पूल दिसत होता. तुळजाबाई धापा टाकत बांधावर उभ्या राहिल्या आणि समोर बोट करून म्हणाल्या, "तें तिकडे आजोळ. तेव्हां पूल कुठला? एथें पडाव असे. पुराचे दिवसांत आई मज घट्ट धरून बैसे. पडावींच आलों, पडावींच गेलों."

"कशात?" मी विचारलं.

"पडावीं हो. तमीळांतही पडवुच म्हणतात. तुम्ही काय म्हणतां त्यास? नावेस?"

मी तिथेच बांधावर बसले.

पडाव म्हणजे होडी. माणसं-जनावरं पलीकडे नेणारी मोठी होडी. कोकणातल्या कुठल्याही माणसाला हा शब्द माहीत आहे. माझ्या जागी रत्नागिरीचा वाचणारा असता तर चुकला नसता. मी घाटावरची, आमच्या नदीला होडी ती काय! कोळिडमास पूर. पलीकडील फकिराचा पंजा पडावीं आला. होडीतून आला. वेलांटी बरोबर होती, टिंब बरोबर होतं, कारकुनाचं मराठी माझ्यापेक्षा चोख होतं. बिघडलेली मीच होते.

नबाबाची फौज आली, तिच्या लुटीच्या भीतीने, पुरातून, आपल्याच धर्माच्या फौजेपासून लपवून कुणीतरी तो हात अलीकडे आणला आणि एका परधर्मीयाच्या घरी ठेवला. म्हणाला असेल, दरसाल बाहेर काढा. एवढीच गोष्ट होती. सखाराम रावांच्या आजोबांना ती माहीत होती. मी ती पुसून तिथे लढाई लिहिली.

आपल्याकडे "ध चा मा" केला असं म्हणतात, एका अक्षरापायी जीव गेल्याची ती कथा. तिथे करणाऱ्याला निदान काही हवं होतं. मी "प चा पा" केला तो फुकट, नुसत्या तोऱ्यात.

"पाय दुखतात?" तुळजाबाईंनी विचारलं. मी हो म्हटलं.

रविवार : पुन्हा ओट्यावर

भिंग लावून कागद पाहिला. ज्याला मी काना समजले होते ती घडीची रेघ होती. शाई नव्हतीच तिथे. मी सखाराम रावांना सांगितलं तेव्हा ते ओट्यावर एकटेच बसले होते. शेजारची जागा रिकामी. ते म्हणाले, "बाई, मज ठाऊक होतें. तरीही तुम्ही म्हटलें तेव्हां एक दिवस मींही मानलें. एक दिवस मज बरें वाटलें, कीं आमचे कोणी लढले होते." त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही भरले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

मुरलीला मी फोन धरायला लावलं आणि पुन्हा सगळं वाचलं, चूक कबूल केली, माफी मागितली. त्याने मन लावून टिपलं.

"हे कधी पाठवशील?"

"मॅडम," तो म्हणाला, "पहिलें तुम्ही म्हटलें, हंड्रेड परसेंट. आतांही हंड्रेड परसेंट. मी लोकांस काय सांगूं? म्हणतील, कोणी दम दिला, म्हणून बाईनें फिरविलें." मग जरा थांबून, खालच्या आवाजात म्हणाला, "होडींत आला, ह्यास कोण ढोल वाजविणार?"

तो खोटं बोलत नव्हता. मी त्याला दोन दिवस मनात शिव्या घातल्या, पण आता माझं घरचं कपाट डोळ्यांपुढे आलं. त्यात बखरी आहेत, पोवाडे आहेत. होडीतून जपून आणलेल्या वस्तूवर लिहिलेलं एकही पान त्यांत नाही.

मग मी समोर गेले. दार जावयाने उघडलं. त्याने ऐकून घेतलं, तमीळमध्ये सासऱ्याला काही सांगितलं. काजाभाई बाहेर आले. मी म्हटलं, "भाई, माझी चूक झाली. तो जिंकलेला नाही. विश्वासाने दिलेला आहे."

"बरें," ते म्हणाले. "तुमचा राग नाहीं, अम्मा. तुम्ही परक्या. पण तुम्ही पाडाव म्हटलें, तर सर्वांनीं किती लौकर मानलें! माझ्या घरींही मानलें. ह्यानें," जावयाकडे मान करून, "म्हटलें, पाहा, मी सांगत नव्हतों? जणूं वाट पाहत होते सगळे."

"आता तर खरं कळलं ना?"

"आज तुम्ही पडाव म्हणतां. उद्यां आणिक कोणी येईल चष्मा घेऊन." ते हसले, आणि आत चहा सांगितला. तो चहा मी प्यायले. कसा होता ते आठवत नाही.

सोमवार : कचेरी

मंगळवारच्या यात्रेची बातमी वरपर्यंत गेली होती. दोन्हीकडच्यांना कचेरीत बोलावणं आलं. वाचणारी म्हणून मलाही. लांब बाकं, पंखे, आणि सगळ्या कचेऱ्यांना येतो तो खळीचा वास. मला तो माहेरचा वाटतो. एका बाजूला मुरली आणि त्याचं मंडळ, दुसऱ्या बाजूला जावई आणि चारपाच जण. दोघे म्हातारे त्यांच्या त्यांच्या बाजूला. मधल्या टेबलावर हिरव्या कापडात पंजा.

मी अधिकाऱ्यांना इंग्रजीत सांगितलं, कागद दाखवला, भिंग दिलं. त्यांनी सभ्यपणे भिंगातून पाहिलं. म्हणाले, मॅडम, हे विद्वानांचं काम, माझ्यापुढे उद्याचा दिवस आहे. ना यात्रा, ना पूजा, ना तळं. वातावरण निवळेपर्यंत वस्तू सरकारी ताब्यात राहील. आश्चर्य म्हणजे यावर दोन्ही बाजूंनी लगेच होकार दिला. मंडळाला ती दुसऱ्याच्या हाती जायला नको होती, आणि तिकडच्यांना ती कुणाच्याच हाती नको होती. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं.

कारकुनाने नोंदवही उघडली. वस्तूचं वर्णन लिहिलं, लांबी मोजली. मग मान वर करून विचारलं, मालक कोण?

सखाराम रावांनी समोर बोट केलं. "अवरुडैयदु," ते म्हणाले. त्यांचा आहे. एवढं तमीळ मला पाच दिवसांत कळायला लागलं होतं.

कारकून काजाभाईंकडे वळला. काजाभाईंनी सखाराम रावांकडे बोट केलं. "अवरुडैयदु."

मला वाटलं, आता तरी कुणीतरी हसेल. दोघं एकमेकांकडे बघत होते. ज्याचं त्याला द्यायला निघालेली दोन म्हातारी माणसं, यापेक्षा सरळ साक्ष कुठल्या कागदात मिळणार? पण कारकुनाला रकाना भरायचा होता. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा तीच दोन बोटं. मुरली काही बोलायला उठला आणि बसला. जावयाने मान फिरवली.

कारकुनाने एक शब्द लिहिला आणि वही सह्यांसाठी फिरवली. आधी काजाभाईंनी केली, मग सखाराम रावांनी. जावयाने सासऱ्याला मोटारसायकलवर बसवलं, मुरलीने वडिलांना स्कूटरवर बसवायला हात दिला.

मला ती लिपी येत नाही. स्कूटर सुरू व्हायच्या आधी मी सखाराम रावांना विचारलं, "काय लिहिलं त्यांनी?"

"धनी कोणी नाहीं," ते म्हणाले, "म्हणून लिहिलें."